घरच्या गिटार ॲम्पला छोटा स्पीकर कोणता लावावा?

प्रश्न थोडक्यात असा: एलएम३८६ या आयसीवर, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा सरावाचा गिटार ॲम्प घरी बनवला आहे. सर्किट चालतं. पण त्याला लावलेला २ इंची, अर्ध्या वॅटचा स्पीकर चिरका वाजतो, जाड तारांवर फडफडतो आणि आवाज खोलीलासुद्धा पुरत नाही. त्याजागी १० वॅटचा छोटा स्पीकर लावला तर आवाज वाढेल का? नाहीतर कोणता घ्यावा?

आधी १० वॅटचं बघू. त्याने आवाज वाढणार नाही, बहुधा कमीच होईल. स्पीकरवर लिहिलेले वॅट म्हणजे तो किती सोसू शकतो याचा आकडा. आतली तारेची कॉइल जळू न देता किती ताकद देता येईल, एवढंच त्यातून कळतं. टाकीवर हजार लिटर लिहिलंय म्हणून नळाला पाणी जास्त येत नाही. तुमचा ॲम्प ९ व्होल्टवर ८ ओहमच्या स्पीकरला जेमतेम अर्धा वॅट देतो. पुढचा स्पीकर १० वॅटचा असो की १०० चा, त्याला मिळणार अर्धाच. शिवाय छोट्या आकारात १० वॅट सोसायचे म्हणजे कॉइल जाड, कोन (पुढचा हलणारा शंकू) जड आणि त्याची कड रबराची. एवढं वजन हलवण्यातच तुमचा अर्धा वॅट संपतो.

हा गैरसमज आपल्याकडे फार जुना आहे. कॅसेट प्लेअरच्या खोक्यांवर ‘१००० वॅट पीएमपीओ’ असं छापलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांच्या डोक्यात वॅट म्हणजे आवाज हे समीकरण कायमचं बसलं. त्या आकड्याला काही अर्थ नव्हता.

खरा बघायचा आकडा सेन्सिटिव्हिटीचा. स्पीकरला १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. खेळण्यातल्या किंवा छोट्या रेडिओतल्या स्पीकरचा तो ८४-८५ च्या आसपास भरतो. गिटारसाठीच बनवलेल्या ८ इंची स्पीकरचा साधारण ९४. आणि सेलेस्टियन या गिटार स्पीकर बनवणाऱ्या कंपनीच्या व्हिंटेज ३० या १२ इंची स्पीकरचा पूर्ण १००. अर्धा वॅट म्हणजे यातून ३ डेसिबल वजा करायचे. म्हणजे तुमचाच ॲम्प खेळण्यातल्या स्पीकरवर ८१ डेसिबल देईल आणि ८ इंचीवर ९१. कानाला १० डेसिबलचा फरक साधारण दुप्पट आवाजासारखा लागतो. तेवढा फरक ॲम्पकडून काढायचा तर त्याला दहापट ताकद, म्हणजे ५ वॅट, द्यावी लागेल. त्यासाठी नवा आयसी, नवा अडॅप्टर, हीटसिंक, सगळंच आलं. स्पीकर बदललात तर यातलं काहीच करावं लागत नाही.

यावर विश्वास बसत नसेल तर एकदा करून बघा. कुणा मित्राकडे किंवा सरावाच्या खोलीत १२ इंची स्पीकरचं गिटार कॅबिनेट असेल, तर त्याची वायर त्याच्या ॲम्पमधून काढा आणि तुमच्या ९ व्होल्टच्या ॲम्पला जोडा. (तिथला ॲम्प व्हॉल्व्हचा असेल तर स्पीकर काढलेला असताना तो चुकूनही चालू करू नका, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.) मुठीएवढ्या सर्किटातून आलेला तो आवाज ऐकला की लोक डबीकडे आणि कॅबिनेटकडे आळीपाळीने बघत राहतात. मी हा प्रयोग बऱ्याच जणांना करून दाखवलाय, आणि त्यानंतर वॅटचा प्रश्न कुणी पुन्हा विचारलेला नाही.

आता अडचण अशी, की बाजारात सुटे मिळणारे स्वस्त स्पीकर घेताना सेन्सिटिव्हिटी कुठेच लिहिलेली नसते. तिथे डोळ्यांनी आणि बोटांनी ठरवावं लागतं. माझा नियम असा: खोक्यात मावेल तेवढा मोठा, हलका, कागदी कोनाचा स्पीकर घ्यायचा, आणि त्याची कडसुद्धा कागदाचीच, चुण्या पाडलेली असावी. बोटाने हलकेच दाबल्यावर तो थोडासाच आत जातो आणि सोडल्याबरोबर जागेवर येतो. रबराच्या कडेचा स्पीकर दाबला तर मऊ उशीसारखा खोल जातो. तो दूरवर आत-बाहेर हलून छोट्या खोक्यातून बास काढण्यासाठी केलेला असतो आणि त्यासाठी त्याला भरपूर ताकद लागते. ब्लूटूथ स्पीकरमधले दीड-दोन इंची स्पीकर असेच असतात. त्यांच्या मूळ खोक्यात ते दणकून वाजतात, कारण तिथे त्यांच्यामागे दमदार ॲम्प आणि त्यांच्यासाठी खास बसवलेलं सिग्नल प्रोसेसिंग असतं. सुटा काढून एलएम३८६ ला लावला की तोच स्पीकर तोंडावर हात ठेवून बोलल्यासारखा वाजतो. चपट्या टीव्हीतून काढलेले लांबट, प्लॅस्टिकच्या खोबणीतले स्पीकरही याच कारणाने मी टाळतो.

तुमचा २ इंची का फडफडतो, तेही समजून घ्या, म्हणजे पुढची निवड सोपी होईल. गिटारची मोकळी सहावी तार ८२ हर्ट्झची. पहिल्या तारेच्या बाविसाव्या फ्रेटवरचा सूर ११७५ हर्ट्झच्या आसपास. म्हणजे मूळ सूर तसे खालच्या पट्टीतले. त्यांच्या वरची हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले सूर) ५००० हर्ट्झपर्यंत आवाजाला धार देतात. २ इंची स्पीकरचा स्वतःचा रेझोनन्स (ज्या सुरावर कोन आपणहून डोलतो तो) काही शे हर्ट्झवर असतो आणि त्याच्या खाली आवाज झपाट्याने पडतो. ८२ हर्ट्झ आत गेले की कोन हलतो, पण हवा ढकलत नाही. त्या हलण्यातच त्याची सगळी धाव संपते, आणि त्याच कोनातून जायचे असलेले वरचे सूरही सोबत फाटतात. तुम्ही फडफड म्हणता ती ही.

मात्र कानाची एक सोय आपल्या बाजूने आहे. मूळ सूर ऐकूच आला नाही तरी त्याची हार्मोनिक्स नीट आली की कान तो सूर मनात पुरा करतो. फोनवर भारदस्त आवाजाचा माणूस भारदस्तच वाटतो तो यामुळेच. म्हणून ३ किंवा ४ इंची स्पीकरवरही सहावी तार ओळखू येते, गोडही लागते. गिटार ॲम्पला ८२ हर्ट्झ छातीत धडकवायची गरज नसते.

वरच्या टोकाचंही तसंच आहे. गिटारचे चांगले स्पीकर ५००० हर्ट्झनंतर एकदम खाली उतरतात, आणि ते उतरणंच आपल्याला हवं असतं. ओव्हरड्राइव्ह केलेल्या, म्हणजे मुद्दाम फाटवलेल्या आवाजात त्याच्या वर फक्त कचकच असते. म्हणून ट्विटर (फक्त चढे सूर वाजवणारा छोटा स्पीकर) असलेला हाय-फाय किंवा कारचा स्पीकर लावला की डिस्टॉर्शन बाटलीत अडकलेल्या माशीसारखं वाजतं. कारचा ४ किंवा ६ इंची स्पीकर घरात पडलेला असेल तर वापरा जरूर, पण मधल्या छोट्या ट्विटरला गेलेली वायर सोडवून टाका. आणखी एक: कारचे स्पीकर बहुतेक ४ ओहमचे असतात आणि त्यांची सेन्सिटिव्हिटी पुष्कळदा २.८३ व्होल्टवर मोजलेली असते. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅट, पण ४ ओहमला तेच २ वॅट होतात. म्हणून पाकिटावर तसं लिहिलेलं असेल तर छापलेल्या आकड्यातून ३ वजा करूनच तुलना करा.

मग असा कागदी, हलका, ४ ते ६ इंची स्पीकर मिळणार कुठे? सगळ्यात चांगले जुन्या रेडिओत, टू-इन-वनमध्ये आणि जाड काचेच्या जुन्या टीव्हीत. टीव्हीतला लंबगोल स्पीकर दिसायला विचित्र असतो, पण गिटारला छान बसतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत नवे सुटे स्पीकर मिळतात. पण मला स्वतःला मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, रविवारी सकाळी लवकर गेल्यावर जे मिळालं ते दुकानात कधी मिळालं नाही. माझ्या पहिल्या बऱ्या ॲम्पला असाच एक ५ इंची लागला. मोडक्या रेडिओतून काढलेला, कोन चहाच्या रंगाचा झालेला, मागे मॅग्नेटवर निळ्या शाईत ‘८’ एवढाच शिक्का वाचता येत होता. घरी आणून मऊ ब्रशने धूळ झटकली, मगरचिमट्यांनी ॲम्पला जोडला आणि ‘ई’ कॉर्ड वाजवली. तोवर २ इंची स्पीकरवर मला सहा तारांचा मिळून एकच गोंधळ ऐकू येत होता. त्या दिवशी पहिल्यांदा तारा वेगळ्या ऐकू आल्या. सर्किटातला एक रेझिस्टरही बदललेला नव्हता.

जुना स्पीकर घेताना जागेवरच चार गोष्टी तपासायच्या, त्याला दोन मिनिटं पुरतात. मल्टिमीटर बरोबर न्या. ८ ओहमच्या स्पीकरचा डीसी रेझिस्टन्स ६ ते ७ च्या दरम्यान येतो, ४ ओहमच्याचा ३ ते साडेतीन. काहीच आलं नाही तर कॉइल तुटली आहे. मग दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. ‘कट्’ असा स्वच्छ आवाज यायला हवा, आणि कोन पुढे सरकला तर सेलचं प्लस ज्या टर्मिनलला आहे ते स्पीकरचं प्लस. तिथे पेनने खूण करून ठेवा. तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं: दोन्ही अंगठे कोनाच्या मधल्या टोपीच्या दोन बाजूंना ठेवून कोन सरळ, हळुवार आत दाबा आणि कान जवळ न्या. काही ऐकू आलं नाही तर उत्तम. वाळूवर कागद घासल्यासारखी खसखस आली तर कॉइल मॅग्नेटच्या गॅपमध्ये घासते आहे. तो स्पीकर फुकट मिळाला तरी घेऊ नका. शेवटी मागून वास घ्या. जळलेल्या व्हार्निशचा वास वर्षानुवर्षं जात नाही.

कोनाला छोटी चीर असेल तर घाबरायचं कारण नाही. टिश्यू पेपरचा एक पदर फाडून (कापून नव्हे, फाटलेली कड नीट बसते) पाण्यात पातळ केलेल्या पांढऱ्या फेविकॉलने मागच्या बाजूने चिकटवा, रात्रभर वाळू द्या. जाड थर देऊ नका, वजन वाढतं. चुण्यांच्या कडेवर मात्र कडक होणारा गोंद लावायचा नाही. लाऊडस्पीकर भाड्याने देणाऱ्या लोकांसाठी कॉइल बदलून देणारे कारागीर बहुतेक मोठ्या गावांत आहेत, गणपतीच्या आधी तर त्यांना मान वर करायला वेळ नसतो. त्यांच्याकडे जाऊन हे काम एकदा जवळून बघा. पण ५ इंची रेडिओ स्पीकर रिकोन करून, म्हणजे कोन-कॉइल नवी बसवून घेणं खर्चाला परवडत नाही.

आणखी दोन फसगती सांगतो. व्हॉल्व्हच्या रेडिओतल्या स्पीकरवर पुष्कळदा छोटा ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो. तो बाजूला काढून थेट स्पीकरच्या टर्मिनलला वायर जोडायची. आणि फारच जुना, १९४० च्या दशकातला वगैरे रेडिओ असेल तर त्यात कायम चुंबकच नसण्याची शक्यता असते. तिथे मॅग्नेटच्या जागी मोठी फील्ड कॉइल असते आणि तिला वेगळा डीसी दिल्याशिवाय स्पीकर वाजत नाही. मागच्या भागाला स्क्रूड्रायव्हर लावून बघा, चिकटला नाही तर तो आपल्या कामाचा नाही. मॅग्नेटच्या आकारावरही जाऊ नका. मी एका दुकानातून केवळ जाडजूड मॅग्नेट पाहून ४ इंची स्पीकर घेतला होता. वाजला तर अगदीच मेंगळट. उघडून पाहिलं तर खऱ्या चकतीच्या मागे नुसती लोखंडी चकती चिकटवून वरून प्लॅस्टिकची टोपी घातलेली.

ओहमचं गणित सरळ आहे. एलएम३८६ साठी ८ ओहम योग्य. ४ ओहम लावला तर आयसी जास्त करंट ओढतो, तापतो आणि ९ व्होल्टची छोटी चौकोनी बॅटरी बघता बघता बसते. त्या बदल्यात आवाज फारसा वाढत नाही, कारण तेवढा करंट द्यायची ना आयसीची ताकद ना बॅटरीची. १६ किंवा ३२ ओहमचा जुना स्पीकर मिळाला तर बिनधास्त लावा. आवाज थोडा कमी, पण धोका काही नाही. ट्रान्झिस्टर आणि आयसीच्या ॲम्पला जास्त ओहम चालतात, ठरलेल्यापेक्षा कमी चालत नाहीत.

इथे एक युक्ती सांगतो, जी मला स्वतःला फार आवडते. एकसारखे दोन ४ इंची, ८ ओहमचे स्पीकर घ्या आणि सिरीजमध्ये जोडा. एकूण १६ ओहम. वाटेल, आवाज निम्मा झाला. पण तसं होत नाही. प्रत्येक स्पीकरला निम्मा व्होल्टेज मिळतो, म्हणजे एकेकट्याचा आवाज ६ डेसिबलने उतरतो. पण दोघे शेजारी-शेजारी बसून एकत्र हवा ढकलतात, तेव्हा खालच्या आणि मधल्या सुरांत तेच ६ डेसिबल परत मिळतात. एका स्पीकरइतकाच आवाज, बॅटरीवरचा भार जवळजवळ निम्मा. प्रत्येक कोनाच्या वाट्याला पावच ताकद येत असल्याने फडफडही थांबते. अट एवढीच की दोघांची फेज एक हवी: पहिल्याचं मायनस दुसऱ्याच्या प्लसला. उलटं जोडलं तर एक पुढे येताना दुसरा मागे जाईल आणि बास गायब होईल. मघाशी पेनने केलेली खूण इथे उपयोगी पडते.

वॅटबद्दल एकच गोष्ट अजून. सोसण्याची क्षमता ॲम्पच्या किमान दुप्पट ठेवा. गिटारवाला ॲम्प फाटेपर्यंत चढवतोच, त्यासाठीच तर तो बनवतो. आवाज पुरता क्लिप झाला, म्हणजे लाटेची टोकं कापली गेली, की लाट चौकोनी होते, आणि तेवढ्याच उंचीच्या चौकोनी लाटेत साध्या लाटेच्या दुप्पट ताकद असते. म्हणजे अर्ध्या वॅटचा ॲम्प पूर्ण चढवल्यावर स्पीकरला १ वॅटच्या जवळ देऊ शकतो. तुमचा अर्ध्या वॅटचा २ इंची काही दिवसांत घोगरा होईल तो यामुळे. १ ते ५ वॅट सोसणारा कागदी स्पीकर या कामाला पुरेसा आहे.

आता खोका. स्पीकर निवडताना त्याचा विचार आधीच करावा लागतो, कारण खोक्याशिवाय कोणताही स्पीकर वाईटच वाजतो. हे पटवून घ्यायला एक साधी चाचणी आहे. स्पीकर नुसता हातात धरून वाजवा. पातळ, दातेरी आवाज येईल. आता मोठ्या पार्सलच्या पुठ्ठ्याला कोनाच्या मापाचं भोक पाडा आणि वाजत असतानाच स्पीकर मागून त्या भोकावर दाबून धरा. त्याच क्षणी आवाजाला पोट येतं. बाजूला केला की पुन्हा पातळ. कोन पुढे येतो तेव्हा समोर हवा दाबली जाते आणि मागे विरळ होते. मध्ये आडोसा नसेल तर दाबलेली हवा कडेने मागे पळते आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. सूर जितका खालचा तितकं हे जास्त. ८२ हर्ट्झची लाट ४ मीटरहून लांब असते, तिला ४ इंचांचा वळसा म्हणजे काहीच नाही. माझ्याकडे कुणी नवा स्पीकर घेऊन आला की मी आधी पुठ्ठा काढतो. प्लायला करवत लावण्याआधी त्यावरच कळतं की हा स्पीकर ठेवायचा की परत द्यायचा.

खोका ९ किंवा १२ मिलिमीटर प्लायचा करा. बिस्किटाचा पत्र्याचा डबा दिसायला झकास, पण ठरावीक सुरांवर त्याचं झाकण झणझणतं आणि तो सूर प्रत्येक गाण्यात येतोच. पत्राच वापरायचा असेल तर आतून जुनी रबरी चटई किंवा जाड फेल्ट चिकटवा. आंब्याच्या पेटीच्या फळ्या पातळ आणि सांध्यांत सैल असतात. त्या वापरायच्याच असतील तर सांधे गोंद लावून पक्के करा. ३ इंचीला लहान बंद खोका चालतो. ५ इंचीपासून पुढे मात्र पाठ अर्धी उघडी ठेवा. लहान बंद खोक्यात अडकलेली हवा कोनाला स्प्रिंगसारखी मागे रेटते, रेझोनन्स वर सरकतो आणि आवाज मडक्यातून आल्यासारखा घुमतो. १९७३ मध्ये बाजारात आलेला पिगनोज हा बॅटरीवरचा छोटा ॲम्प बघा: ५ इंची स्पीकर, आणि खोका बिजागरीवर उघडणारा. तो कमी-जास्त उघडून लोक आवाजाचा पोत बदलतात. तुम्हीही पाठीची फळी दोन स्क्रूंवर सरकती ठेवलीत तर हीच सोय होते.

छोटा स्पीकर म्हणजे तडजोड, असं समजू नका. पन्नासच्या दशकातल्या फेंडर चॅम्पला ८ इंचीच स्पीकर होता आणि ताकद होती ५ वॅटच्या आसपास. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा बेसवादक जॉन डीकन याने १९७२ च्या सुमारास लंडनमध्ये भंगाराच्या पेटीत पडलेला एक ट्रान्झिस्टर सर्किट बोर्ड उचलला, बुकशेल्फ स्पीकरच्या खोक्यात बसवला आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला. त्याच बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने तो ॲम्प क्वीनच्या रेकॉर्डिंगमध्ये वर्षानुवर्षं वापरला. गिटारची वाद्यवृंदासारखी रचलेली त्याची सुरावट ऐकताना यातलं किती त्या खोक्यातल्या स्पीकरचं आहे, हे मला दर वेळी आठवतं.

स्पीकरला दोष देण्याआधी सर्किटात तीन जागा बघून घ्या. आयसीच्या आउटपुटवर १० ओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड ही जोडी सिरीजमध्ये ग्राउंडला गेलेली आहे ना? ती नसेल तर आयसी कानाला न ऐकू येणाऱ्या वारंवारतेवर स्वतःच वाजत बसतो, तापतो, आणि गिटारचा आवाज किरकिरा होतो. पुष्कळ चांगले स्पीकर या एका कारणाने परत केले जातात. दुसरं, सप्लायवर आयसीच्या अगदी जवळ १०० ते २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. बॅटरी उतरली की ‘पुटपुटपुट’ असा मोटारबोटीसारखा आवाज येतो, तो याच्याअभावी. तिसरा, स्पीकरच्या आधीचा आउटपुट कपॅसिटर. २२० मायक्रोफॅरड आणि ८ ओहम मिळून ९० हर्ट्झच्या खालचं कमी करतात, ४७० लावला तर ती हद्द ४२ वर जाते. ५-६ इंचीला ४७० लावा. पण तूर्त २ किंवा ३ इंचीवरच भागवायचं असेल तर मुद्दाम १०० मायक्रोफॅरड लावून बघा: हद्द २०० हर्ट्झवर येते, जे त्या स्पीकरला वाजवता येतच नव्हतं ते त्याच्यापर्यंत पोचत नाही, फडफड बरीच कमी होते आणि बॅटरीही वाचते. हा बदल तुम्ही आज संध्याकाळीच करू शकता.

उद्या जास्त आवाज हवासा वाटला आणि ५ व्होल्टवरचं पीएएम८४०३ हे छोटं बोर्ड घ्यायचं ठरवलंत तर एक सावधगिरी बाळगा: त्याच्या स्पीकरच्या दोन्ही तारा जिवंत असतात, म्हणजे दोन्हींत सिग्नल असतो, ग्राउंड कुठलीच नसते. त्यातली कुठलीही ग्राउंडला किंवा धातूच्या जॅकमार्फत खोक्याला टेकवायची नाही, दोन चॅनेलची मायनस एकत्र करायची नाहीत. ते ४ ओहमवर ३ वॅटपर्यंत देतं, म्हणून तिथे ४ ओहमचा स्पीकर चालतो. आणि १२ व्होल्टवर टीडीए२००३ हा आयसी लावणार असाल तर मग ८ इंची, १५ वॅटचा खास गिटारचा स्पीकर घ्यायला हरकत नाही. सेलेस्टियनचा एट १५ हा त्यातला माझा आवडता.

तुमच्यासाठी मी ठरवलं असतं ते हे: जुन्या रेडिओतला ५ इंची, ८ ओहमचा कागदी स्पीकर. तो मिळेपर्यंत ४ इंचीची सिरीज जोडी. १२ मिलिमीटर प्लायचा, साधारण एक फूट रुंद खोका, पाठ अर्धी उघडी, आणि पुढचा भाग जरा मागे कललेला. छोट्या ॲम्पचे वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. जमिनीवर सपाट ठेवला तर ते तुमच्या पिंढऱ्यांना ऐकू येतात. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीऐवजी पेन्सिल सेलचा सहाचा होल्डर वापरा, व्होल्टेज तेवढंच आणि चालतं कितीतरी जास्त.

भोक पाडताना ‘५ इंची’ या शब्दावर जाऊ नका, ते फ्रेमचं बाहेरचं माप असतं. स्पीकर कागदावर उपडा ठेवून आखा, आतल्या चुण्यांच्या कडेपर्यंतचं माप घ्या आणि तेवढंच कापा. स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळा. पत्र्याची फ्रेम पातळ असते. एक कोपरा आधी गच्च आवळला तर ती पिळते आणि आतली कॉइल घासायला लागते. म्हणून बसवून झाल्यावर अंगठ्यांनी कोन दाबून पुन्हा एकदा कान लावा. खसखस आली तर सगळे स्क्रू पाव फेरा सैल करा, फ्रेमखाली पातळ फेल्टची कडी घाला आणि परत आवळा.